थर पातळ केला आणि रस्ता १३०० अंशांवर गेला

मागच्या अंकात डांबरी रस्ता उन्हाळ्यात दुपारी हवेपेक्षा कितीतरी जास्त का तापतो आणि ते टेम्परेचर कागदावर कसं काढतात ते लिहिलं होतं: रस्त्याचे आडवे थर पाडायचे, वरून ऊन-वारा लावायचा आणि दर स्टेपला प्रत्येक थराचं नवं टेम्परेचर काढायचं. बऱ्याच जणांनी हे घरी करून बघितलेलं दिसतंय, कारण या वेळी आलेल्या पत्रांत तक्रार जवळजवळ एकच आहे, की मॉडेल फुटतं. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात, आज फक्त हेच.

प्रश्न: ताई नमस्कार, मी ऐरोलीला राहते, सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी पाम बीच रोडच्या डांबराचं दिवसभराचं टेम्परेचर काढायचं शीट एक्सेलमध्ये केलंय. १ सेंटिमीटरचे थर आणि १ मिनिटाची स्टेप होती तेव्हा मस्त चालत होतं. गाइड सर म्हणाले थर अजून पातळ घे, सरफेसचं टेम्परेचर जास्त अचूक येईल, म्हणून अर्धा सेंटिमीटर केला, तर चार-पाच ओळींतच प्लस-मायनस हजार अंश यायला लागले. फॉर्म्युले परत परत बघितले, चूक सापडत नाही. आता सबमिशन जवळ आलंय.

उत्तर: अगं, फॉर्म्युल्यात चूक नाहीच आहे, म्हणून सापडत नाहीये. तू थर बदललास पण मिनिट तसंच ठेवलंस, एवढंच झालंय.

तुझ्या शीटमधली एक ओळ हाताने करून बघू, म्हणजे लगेच कळेल. तू जी पद्धत वापरली आहेस तिला एक्सप्लिसिट म्हणतात, म्हणजे आत्ताच्या टेम्परेचरवरून थेट पुढच्या स्टेपचं काढायचं. त्यात एक आकडा येतो, फूरिये नंबर: डिफ्युजिव्हिटी (मालातून उष्णता किती लवकर पसरते तो आकडा) गुणिले स्टेपचे सेकंद, भागिले थराच्या जाडीचा वर्ग. डांबराची डिफ्युजिव्हिटी सेकंदाला साधारण ०.६ चौरस मिलिमीटर धर. १० मिमी थर आणि ६० सेकंद घेतले तर ३६ भागिले १००, म्हणजे ०.३६. थर ५ मिमी केलास की ३६ भागिले २५, म्हणजे १.४४. थर अर्धा केला तर नंबर दुप्पट नाही, चौपट झाला, कारण खाली वर्ग आहे.

आता थराचं नवं टेम्परेचर म्हणजे त्याचं स्वतःचं टेम्परेचर गुणिले (१ वजा २ फूरिये नंबर), अधिक दोन्ही शेजाऱ्यांची बेरीज गुणिले फूरिये नंबर. समज मधला थर ५० अंशांवर आहे आणि बाकीचे सगळे ४० वर. नंबर १.४४ असेल तर स्वतःचा गुणक १ वजा २.८८, म्हणजे उणे १.८८. उणे! इथेच सगळं बिघडलं. ५० गुणिले उणे १.८८ म्हणजे उणे ९४, शेजाऱ्यांचे ८० गुणिले १.४४ म्हणजे ११५.२, आणि उत्तर आलं २१.२ अंश. शेजारी दोघं ४० वर असताना मधला २१ वर कसा जाईल? उष्णता ४० च्या खाली कशी उतरेल? आणि शेजारी दोघं तेवढ्यात ५४.४ वर गेलेले असतात. हेच पुढे चालू ठेवलं की मधला थर दुसऱ्या मिनिटाला ११७, तिसऱ्याला उणे २६०, चौथ्याला जवळजवळ १३००. तुझे हजार अंश ते हेच. तेच तू १० सेकंदांची स्टेप घेतलीस तर नंबर ०.२४ होतो आणि ५० चे ४५.२ होतात, अगदी शहाण्यासारखे.

म्हणून नियम असा की फूरिये नंबर अर्ध्याच्या वर जाऊ द्यायचा नाही, स्वतःचा गुणक उणे होता कामा नये. असल्या मर्यादा गणितात जुन्याच आहेत, कुरांट, फ्रेडरिक्स आणि लेवी या तिघांनी १९२८ मध्ये, म्हणजे कॉम्प्युटर यायच्या आधीच, दाखवलं होतं की काळाची स्टेप आणि जागेची स्टेप एकमेकांपासून सुट्या निवडता येत नाहीत. आपल्या डांबरासाठी याचा अर्थ काय तर २० मिमी थराला साडेपाच मिनिटांपर्यंत चालतं, १० मिमीला ८३ सेकंद, ५ मिमीला २१ सेकंद आणि २ मिमीला फक्त ३ सेकंद. उलटीकडून बघायचं तर ३० सेकंदांची स्टेप असेल तर ६ मिमीपेक्षा पातळ जायचं नाही, ५ मिनिटांची असेल तर १९ मिमी, आणि ज्यांच्याकडे हवामानाचा डेटा तासाचा आहे म्हणून स्टेपही तासाची ठेवतात (असे बरेच असतात) त्यांना ६६ मिमीपेक्षा पातळ थर घेताच येत नाही, मग त्या जाड्या थराचं टेम्परेचर म्हणजे सरफेस असं म्हणायला जीभ धजावू नये. डेटा तासाचा असला तरी मधले आकडे इंटरपोलेट करून स्टेप छोटी ठेवता येते, डेटाचा तास आणि स्टेपचा तास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आणि हे अर्ध्याचं बंधन म्हणजे फुटू नये एवढ्यापुरतं. ०.४८ ला मॉडेल फुटत नाही पण थराला स्वतःची आठवणच राहत नाही, सगळं शेजाऱ्यांवरून ठरतं, त्यामुळे मी पाव किंवा त्याच्या खाली ठेवते. सगळे थर सारख्या जाडीचे आणि एकाच मालाचे असतील तर बरोबर एक षष्ठांशला चुका एकमेकींना खाऊन टाकतात आणि उत्तर एरवीपेक्षा बरंच चांगलं येतं, ही गंमत करून बघ, व्हायव्हाला सांगायला बरी आहे.

आता सरांचं म्हणणं. ते चुकीचं नाही, पण जाडी निम्मी करायची तर स्टेप पाव करावी लागते आणि थर दुप्पट होतात, म्हणजे हिशोब आठपट. तुझ्या एक्सेलच्या ओळी कुठे जातील बघ. आणि गरज आहे का? तुझ्या वरच्या १० मिमी थराचं टेम्परेचर म्हणजे त्याच्या मध्याचं, सरफेसखाली ५ मिमीचं. दुपारी खाली चाललेली उष्णता समज चौरस मीटरला ३०० वॅट असेल तर सरफेस आणि तो मध्य यांच्यात फरक पडतो सव्वा अंशाचा. हा सव्वा अंश मिळवायला थर चिरत बसण्यापेक्षा वर शून्य जाडीचा एक पॉइंट धर, त्याच्यात उष्णतेचा साठा काहीच नाही, आलेलं ऊन, आकाशाकडून येणारी उष्णता, रस्त्याने परत फेकलेली, वाऱ्याने नेलेली आणि खाली गेलेली यांची बेरीज दर स्टेपला शून्य यायला हवी, त्यातून सरफेसचं टेम्परेचर सुटतं. दोन-तीन फेऱ्यांत उत्तर येतं आणि जाडीचं बंधन अजिबात घट्ट होत नाही. डांबर निवडायच्या सुपरपेव्ह पद्धतीत जास्तीत जास्त टेम्परेचर बघतात ते सुद्धा सरफेसचं नाही, २० मिमी खोलीवरचं, कारण चाकांच्या चाकोऱ्या पडतात त्या मालाच्या पोटात.

खालचे थर मात्र जाड कर. दिवस-रात्रीची लाट डांबरात साधारण १३ सेंटिमीटरला एक तृतीयांशाच्या जरा वर उरते, म्हणून वर १० मिमीचे पाच-सहा, मग २०, मग ५०, मग मीटरभर खोलीपर्यंत १०० चे चालतात. फक्त १० च्या शेजारी एकदम १०० ठेवू नकोस, हळूहळू वाढव. आणि लक्षात ठेव, सगळ्या मॉडेलची स्टेप ठरवतो तो एकटा सगळ्यात पातळ थर, बाकीचे कितीही जाड असोत.

प्रश्न: मॅडम, मी घोडबंदर रोडच्या बाजूला साईटवर आहे. डांबराचं शीट नीट चालत होतं, १० मिमी थर आणि १ मिनिट स्टेप. तेच शीट व्हाइट टॉपिंगच्या (जुन्या डांबरावर टाकलेल्या) काँक्रीटला वापरलं, फक्त मालाचे आकडे बदलले. सकाळी आठला सुरू केलं की तासभर आकडे बरोबर वाटतात आणि मग ग्राफ वर-खाली झिगझॅग व्हायला लागतो. मी तात्पुरतं ७० च्या वर गेलं तर ७० आणि १५ च्या खाली गेलं तर १५ असं इफ लावून ठेवलंय. चालेल का?

उत्तर: नाही चालणार, आणि ते इफ आधी काढा. ते लावल्यावर मॉडेल फुटायचं थांबत नाही, फुटलेलं दिसायचं थांबतं, आणि मग ७० आणि १५ च्या मध्ये जे काही नाचतंय त्याची सरासरी कोणीतरी रिपोर्टमध्ये टाकतं.

तुमची केस वरच्या मुलीपेक्षा वाईट आहे कारण ती फसवी आहे. काँक्रीट डांबरापेक्षा उष्णता लवकर पुढे ढकलतं, डिफ्युजिव्हिटी ०.९ धरली तर १० मिमी आणि ६० सेकंदांना फूरिये नंबर ०.५४. अर्ध्याच्या जेमतेम वर. सगळ्यात बारीक जी झिगझॅग असते, एक थर वर एक थर खाली अशी, ती दर स्टेपला १ वजा चारपट फूरिये नंबर या आकड्याने गुणली जाते, म्हणजे तुमच्याकडे उणे १.१६ ने. एका मिनिटाला सोळा टक्के वाढ, कोणाच्या लक्षात येणार? पण साठ मिनिटांत ती सात हजार पट होते, आणि सुरुवातीला अंशाच्या हजाराव्या भागाएवढी जी खडबड होती ती सात अंशांची होऊन बसते. म्हणून पहिला तास बरा जातो. वरच्या मुलीचा तोच आकडा उणे ४.७६ आहे, तिचं चार मिनिटांत कळलं हे तिचं नशीब.

काँक्रीटला १० मिमीची मर्यादा येते साधारण ५५ सेकंद. तुम्ही ३० ठेवा आणि विसरून जा. अल्ट्रा थिन व्हाइट टॉपिंग असेल, म्हणजे १०० मिमी किंवा त्याहून कमी काँक्रीट आणि खाली जुनं डांबर, तर दोन्ही मालांचा हिशोब वेगळा करून जो कडक असेल तो घ्यायचा. आणि काँक्रीटमध्ये तुम्हाला खरं हवंय ते वरच्या आणि खालच्या तोंडातल्या टेम्परेचरचा फरक, त्याच्याने स्लॅब वाकतो, त्यासाठी १० मिमी भरपूर झाले.

प्रश्न: मी पनवेलचा, रिटायर्ड, आयुष्य रस्त्याच्या कामात गेलं. नातवाकडून पायथॉन शिकून मॉडेल लिहिलं. रस्ता जसा साईटवर असतो तसाच घातला, म्हणजे बीसी (वरचा डांबरी थर), टॅक कोट (दोन थर चिकटवणारा डांबराचा पातळ हात), डीबीएम (खालचा डांबरी थर), परत खाली डब्ल्यूएमएम, जीएसबी (खडीचे थर). पावसाळ्यासाठी वर पाण्याचा १ मिमी थरही ठेवला. १० सेकंदांची स्टेप दिली तरी उभं राहत नाही. तुम्ही म्हणता तसा फूरिये नंबर काढला तर टॅक कोटचा आकडा भलताच येतो. मग टॅक कोट खरा असून घालायचा नाही का?

उत्तर: काका, आधी एक सांगते, साईटवरचा थर आणि मॉडेलचा थर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. साईटवरचा थर कॉन्ट्रॅक्टरच्या बिलात असतो, मॉडेलचा थर स्टेपच्या हिशोबाने पाडायचा असतो. तुमच्या ४० मिमी बीसीचे मॉडेलमध्ये चार थर होतील, आणि टॅक कोटचा एकही होणार नाही.

वेगवेगळे माल एकावर एक असले की फूरिये नंबरचा साधा फॉर्म्युला पुरत नाही, त्यापेक्षा हा विचार बरा: थराला एक अंशाने तापवायला किती उष्णता लागते तो त्याचा साठा, आणि वर-खालच्या शेजाऱ्यांशी एक अंशाच्या फरकाला दर सेकंदाला किती उष्णता जाते ती त्याची ये-जा. ये-जा गुणिले स्टेप हे साठ्यापेक्षा जास्त नको. सोसायटीच्या गच्चीवर बादलीएवढी टाकी बसवली, तिला चार इंची पाईप जोडला आणि वॉचमनला सांगितलं की व्हॉल्व्ह दर तासाला एकदाच बघ, तर हिशोबात टाकी उणे जाणारच, तसं तुमच्या टॅक कोटचं झालंय. त्याची जाडी पाव मिलिमीटर धरली तर साठा चौरस मीटरला पाचशे ज्यूलच्या आत, आणि दोन्ही बाजूंना १० मिमीचं डांबर असेल तर ये-जा चारशे वॅटच्या आसपास. म्हणजे स्टेप सेकंदभराची. तुम्ही १० देताय.

आणि टॅक कोट उष्णतेला अडवतो किती? १० मिमी डांबर जेवढं अडवतं त्याच्या पाचव्या भागाएवढं सुद्धा नाही. त्याचं खरं काम चिकटवण्याचं, ते तुम्हाला मी काय सांगणार. फारच वाटलं तर वरच्या-खालच्या थरांच्या मध्ये तेवढा रोध मिळवा, साठा शून्य ठेवून. साठाच नाही तर त्याला स्वतःचं टेम्परेचर नाही आणि स्टेपचं बंधनही नाही. थर्मोप्लास्टिकच्या पांढऱ्या पट्ट्यांचंही हेच, त्यांचा रंग उन्हाच्या हिशोबात घ्या, जाडी सोडा.

पाण्याचा थरही काढा. १ मिमी पाण्याला साध्या हिशोबाने साडेतीन सेकंद येतात, पण तो मुद्दा नाही. पावसाळ्यात पाणी रस्त्याला गार करतं ते मुख्यतः वाफ होऊन. चौरस मीटरवर १ मिमी पाणी म्हणजे १ किलो, त्याची वाफ व्हायला सुमारे २४ लाख ज्यूल लागतात, म्हणजे चौरस मीटरला हजार वॅटचं कडक ऊन चाळीस मिनिटं पडलं तेवढे. जूनमध्ये पहिली सर येऊन गेल्यावर रस्ता वाफाळताना दिसतो तेव्हा हाच व्यवहार चाललेला असतो. तो सरफेसच्या बेरजेत एक वजाबाकी म्हणून घाला, किती मिमी पाणी शिल्लक आहे एवढा एक आकडा बाजूला ठेवा, संपलं की वजाबाकी बंद.

प्रश्न: हे सगळं कशाला? इम्प्लिसिट पद्धत घ्या, कितीही पातळ थर, कितीही मोठी स्टेप, फुटतच नाही. आजकाल कोण एक्सप्लिसिट वापरतं? — एक वाचक, वाशी

उत्तर: वापरतात हो. कॅनडाच्या हवामान खात्याचं मेट्रो नावाचं मॉडेल, लुई-फिलिप क्रेव्हिए आणि इव्ह डलाज यांनी २००१ मध्ये मांडलेलं, रस्त्यावर बर्फ धरेल का ते सांगण्यासाठी, ते ३० सेकंदांच्या स्टेपने चालतं. वर डांबराचा जो हिशोब केला त्यात सेंटिमीटरचा थर ३० सेकंदांना आरामात बसतो, मग उगाच कशाला पुढे जायचं.

पण तुमचं अर्धं खरं आहे, इम्प्लिसिट फुटत नाही. दर स्टेपला सगळ्या थरांची इक्वेशन्स एकत्र सोडवावी लागतात, तेही सोपं असतं, त्यांच्या मॅट्रिक्समध्ये तीनच कर्ण भरलेले असतात. फुटत नाही म्हणजे बरोबर आहे असं मात्र नाही. तासाची स्टेप घेतली की दुपारचा टोकाचा आकडा दबतो आणि पुढे-मागे सरकतो, दुपारनंतर खाडीवरचा वारा सुटला की सरफेस जो पटकन उतरायला लागतो तो तर गायबच होतो, आणि ग्राफ इतका गुळगुळीत दिसतो की शंका पण येत नाही. क्रँक आणि निकोल्सन यांची १९४७ ची पद्धत जास्त अचूक म्हणून लोक घेतात, तिच्यात ५ मिमी थर आणि तासाची स्टेप टाकून बघा. फूरिये नंबर येतो ८६, आणि ती बारीक झिगझॅग दर स्टेपला उणे ०.९८८ ने गुणली जाते. वाढत नाही, कबूल, पण मरतही नाही, ढग आला की एकदा सुरू होते आणि दिवसभर वर-खाली चालू राहते. इम्प्लिसिट घ्या, पण स्टेप पाच-दहा मिनिटांच्या वर नेऊ नका, आणि एकदा निम्मी करून उत्तर हलतं का ते बघा.

प्रश्न: अटल सेतूवर काही ठिकाणी स्टीलचं डेक आहे असं वाचलं. तिथे तुमचा हा हिशोब कसा? — उलवे

उत्तर: स्टीलची डिफ्युजिव्हिटी डांबराच्या वीसपट, साधारण १३. ५ मिमीचे थर पाडलेत तर स्टेप एका सेकंदाच्या आत. पण पाडायचेच कशाला, प्लेटच्या वरच्या आणि खालच्या तोंडात फरक इतका कमी असतो की अख्खी प्लेट एकच गोळा धरा, साठा त्याचा. खालून वारा लागतो तो मात्र विसरू नका, जमिनीवरच्या रस्त्याला तो नसतो.

प्रश्न: मॉडेल चालतंय, फुटत नाहीये, पण बरोबर आहे हे कसं तपासू? इन्फ्रारेड गनने सरफेस मोजतोय पण सर म्हणतात आतलं मोज. डिप्लोमा, कळवा.

उत्तर: सर बरोबर सांगतायत, सरफेसला ढगाची सावली पडली तरी आकडा पळतो, आत तसं होत नाही. बेंकेलमन बीमची टेस्ट (चाकाच्या वजनाखाली रस्ता किती दबतो ते मोजायची) करताना करतात तसंच कर: डांबरात साधारण ४५ मिमी खोल बारीक भोक पाड, त्यात ग्लिसरीन भर, थर्मामीटर सोड, पाच मिनिटं थांबून वाच. मॉडेलचा ४० मिमीचा आकडा त्याच्याशी लाव. दर अर्ध्या तासाला, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, आणि सगळ्यात जास्त आकडा किती वाजता येतो ते नीट लिही, कारण डिफ्युजिव्हिटी चुकीची धरली असेल तर अंशांपेक्षा त्या वेळेत आधी कळतं. भोक कॉलेजच्या पार्किंगमध्ये पाड, तेही प्रिन्सिपलना विचारून. मेन रोडवर ड्रिल घेऊन बसलास तर ट्रॅफिकवाले उचलतील.